खो देणाऱ्याचंही नाव लिहा: मुलांचा नवा संघ बांधणाऱ्यांसाठी

जून उजाडला की सोलापुरात कुठल्या ना कुठल्या शाळेत नवे क्रीडाशिक्षक रुजू होतात. एखाद्या मंडळाचा जुना खेळाडू गल्लीतली पोरं गोळा करून मैदान आखायला घेतो. महिना-दीड महिन्यात दोघांचीही तक्रार एकच असते: "पोरं टिकत नाहीत हो. संघासाठी काही सोडायची तयारीच नाही." हा लेख त्यांच्यासाठी आहे. उदाहरणं खो-खोची देतोय, कारण तोच खेळ मी शिकवतो आणि आपल्या जिल्ह्यात तो मुरलेला आहे. कबड्डी किंवा व्हॉलीबॉलच्या संघालाही यातलं बरंचसं लागू पडेल.

मुलं संघासाठी भरपूर सोडतात, हे मी खात्रीने सांगतो. फक्त त्यांनी सोडलेलं कुणीतरी पाहावं लागतं, आणि आपण जे मागतो ते त्यांच्या हातातलं असावं लागतं. या दोन गोष्टी सांभाळल्या तर भाषणांची फारशी गरज पडत नाही. त्या सांभाळल्या नाहीत तर भाषणाचा जोर चार दिवस टिकतो आणि पाचव्या दिवशी मैदानावर सहा जण उरतात.

१. खेळात कुणाचं काय जातं, ते आधी दाखवा

पारंपरिक खो-खोत संघ बारा जणांचा, मैदानात नऊ. आक्रमणाच्या वेळी आठ जण चौकोनात आलटून-पालटून विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात आणि एक जण पाठलाग करतो. त्याला मधली पाटी, म्हणजे बसलेल्यांच्या रांगेचा पट्टा, ओलांडता येत नाही, आणि एकदा दिशा धरली की टोकाच्या खांबापर्यंत जाईतो मागे वळता येत नाही. पळणारा मात्र कुठूनही कसाही घुसतो. तो पलीकडे सटकला की पाठलाग करणाऱ्यापुढे एकच मार्ग उरतो: पलीकडे तोंड करून बसलेल्याला मागून खो द्यायचा आणि आपण त्याच्या जागी बसायचं.

हे नवीन मुलांना कागदावर समजत नाही. मैदानावर समजवा. एका मुलाला पळणाऱ्याच्या मागे सोडा आणि गडी अगदी हातभर अंतरावर आला की शिट्टी वाजवून सगळ्यांना आहे तिथे थांबवा. मग विचारा, आता काय करशील? दहापैकी नऊ मुलं म्हणतात, "पकडणार." मग सगळ्यांना त्याच्या डोळ्यांनी बघायला लावा. पळणाऱ्याचा उजवा पाय आधीच आत वळलेला आहे, पुढच्या पावलाला तो दोघांच्या मधून पलीकडे जाणार आहे, आणि पलीकडे तोंड करून बसलेली मुलगी तयार आहे. सूर मारला तर हात हवेत जाईल. खो दिला तर तिला दोन पावलांत गडी मिळेल.

खो दिला, तिने गडी टिपला, तर टाळ्या तिला मिळतात. गुणपत्रकावर नाव तिचं लागतं. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आलीच तर किती गडी बाद केले आणि किती मिनिटं संरक्षण केलं एवढंच छापतात. स्पर्धेतली बक्षिसंही उत्कृष्ट आक्रमक, उत्कृष्ट संरक्षक आणि अष्टपैलू अशी असतात. शेवटचा खो कुणी दिला, हे कुठेच राहत नाही. बारा-तेरा वर्षांच्या पोराने हातभर अंतरावरचा गडी सोडून खाली बसायचं आणि त्याची कुठे नोंदही नाही, हे त्याला जड जाणारच. 'स्वार्थी आहे' म्हणून त्याच्यावर ओरडू नका. नोंद कशी करायची ते पाचव्या पायरीत येतं आहे.

२. पहिले पंधरा दिवस ऐका

या काळात निवड करू नका, कर्णधार नेमू नका. एक वही करा आणि प्रत्येक मुलाला एक पान द्या. शाळा सकाळची की दुपारची, घरी कोण कोण, शिकवणी कधी, कामाला हात लावावा लागतो का, मैदानावर कसा येतो, परत कसा जातो. आणि सोलापूरकरांना सांगायला नको, नळाला पाणी कधी येतं.

हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. आपल्याकडे पाणी रोज येत नाही, चार-पाच दिवसांनी येतं आणि प्रत्येक भागाची पाळी वेगळी असते. पाण्याच्या दिवशी घरातली मोठी मुलगी हंडे-बादल्या भरल्याशिवाय बाहेर पडू शकत नाही. तिच्या नावापुढे 'गैरहजर' लिहिणारा प्रशिक्षक तिला महिन्यातून सहा-सात वेळा खोटी शिक्षा देत असतो. पाण्याचं वेळापत्रक वहीत असलं की त्या दिवशी तुम्ही तिच्याशिवायचा सराव आखता आणि ती दुसऱ्या दिवशी मान खाली न घालता येते.

पंधरा दिवसांनी तुमच्या लक्षात येईल की 'टिकत नाहीत' म्हणून ज्यांना आपण नावं ठेवतो, त्यातल्या निम्म्यांना घरची अडचण आहे. उरलेल्यांना मैदानावर काही करायलाच मिळत नाही, म्हणून ती येत नाहीत.

३. घरी जा

शाळेत पालकसभा घेऊन काम होत नाही. ज्या घरी कामावर खाडा केला की त्या दिवशीची मजुरी जाते, तिथून कुणी सभेला येत नाही. तुम्हीच जा. संध्याकाळी, आधी निरोप देऊन, आणि मुलीच्या घरी जाताना एखाद्या बाईंना किंवा संघातल्या मुलीच्या आईला सोबत घेऊन. पूर्व भागात बऱ्याच घरांत तेलुगू चालतं. कन्नड आणि उर्दू बोलणारी घरं गावभर आहेत. तुम्हाला भाषा येत नसेल तर वरच्या वर्गातला एखादा मुलगा सोबत न्या. आईला तिच्या भाषेत एक वाक्य ऐकू आलं की अर्धं काम झालं.

एका घरचं बोलणं सांगतो. आई दारातच बसलेली, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. हात एकदाही थांबला नाही. मी मुलीच्या वेगाचं कौतुक सुरू केलं, ते तिने ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "पोरगी खेळायला गेली तर पानं कोण कापायचं, सर?"

विडीची मजुरी दर हजार विड्यांमागे मिळते. मुलगी पानं कापून देते म्हणून आईच्या विड्या जास्त होतात. म्हणजे तिचा दीड तास मैदानावर गेला तर घरच्या पैशांतून जातो. यावर 'खेळातून भविष्य घडतं' हे उत्तर नाही. मी म्हटलं, "अक्का, पानं कापून झाली की सहाला पाठवा. पाण्याच्या दिवशी नको. सातला सुटेल, आणि तुमच्या गल्लीतल्या दोघी आहेत, तिघी मिळून येतील." तिने थोडा विचार केला आणि मुलीकडे बघून म्हणाली, "सातच्या पुढं एक मिनिट चालणार न्हाई." ती मुलगी नंतर फार क्वचित चुकली, कारण तिची वेळ तिच्या घराने ठरवलेली होती.

घरी काय सांगायचं? सरावाची वेळ, सुटायची वेळ, खर्च किती आणि तो कोण करणार, बाहेरगावी कोण सोबत असणार. मुलींच्या संघासोबत बाई असल्याशिवाय मुक्कामाच्या स्पर्धेला जायचं नाही, हे तुम्ही आपणहून सांगा.

काय सांगायचं नाही? नोकरी लागेल असं. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, हे खरं आहे. पण गुण स्पर्धेच्या पातळीप्रमाणे मिळतात, आणि आरक्षणासाठीची कामगिरी फार थोड्यांच्या वाट्याला येते. शालेय स्पर्धेचा रस्ता आधी महापालिका किंवा तालुका-जिल्हा, मग पुणे विभाग, मग राज्य आणि पुढे राष्ट्रीय असा आहे. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील असे गट आहेत. हा रस्ता आहे तसा दाखवा. आशेला लावून मुलगी मैदानात आणलीत तर पहिल्या पराभवाला घरचे तिला परत नेतील, आणि ते बरोबरच करतील.

४. नियम मुलांना करू द्या

तीन-चार पुरेत. सगळ्यांना गोल बसवा आणि विचारा: उशीर झाला तर काय, शिवी दिली तर काय, न सांगता सुट्टी घेतली तर काय? मुलं स्वतःसाठी आपल्यापेक्षा कडक नियम करतात. आपलं काम ते थोडे सैल करण्याचं.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी मांडलेली एक गोष्ट मैदानावर रोज दिसते. माणूस मनापासून एखाद्या कामाला लागतो तेव्हा तीन गरजा भागलेल्या असतात: निर्णयात आपला हात आहे, आपल्याला हे जमतंय, आणि इथली माणसं आपली आहेत. मुलांनी नियम केले की पहिली गरज भागते आणि तुमची एक शिट्टी वाचते.

एक नियम मात्र तुमचा ठेवा: शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावायच्या नाहीत. पळणं हाच आपला खेळ आहे. तेच शिक्षा म्हणून वापरलं तर मुलं कशावर प्रेम करणार? उशीर झालेल्याने सराव संपल्यावर साहित्य उचलावं, चुन्याच्या रेषा आखाव्यात. त्याने संघाचं काम होतं आणि कुणाचा अपमान होत नाही.

५. खो-वही

या लेखातलं एकच काही करायचं असेल तर हे करा.

शंभर पानी वही घ्या. सराव सामन्यात गडी बाद झाला की एका ओळीत चार नावं लिहायची: कोण बाद झालं, कुणी टिपलं, शेवटचा खो कुणाचा, त्याच्या आधीचा खो कुणाचा. लिहिणारा राखीव खेळाडूंपैकी, रोज वेगळा. सुरुवातीला ओळी चुकतील, दोघं भांडतील की आधीचा खो माझाच होता. भांडू द्या. ज्या गोष्टीकडे कुणी बघत नव्हतं, तिच्यावरून पोरं भांडायला लागली, म्हणजे वहीने काम सुरू केलं.

आठवड्याच्या शेवटी वही मोठ्याने वाचायची. गडी टिपणाऱ्यांची यादी आधी, कारण तोही मान खरा आहे. मग शेवटचा खो देणाऱ्यांची. मग आधीच्या खोंची. तुम्हाला आश्चर्य वाटेल अशी नावं वर येतात. उंच उडी नाही, वेग बेताचा, सूर मारता येत नाही, असा एखादा मुलगा दुसऱ्या यादीत सगळ्यात पुढे असतो. तोवर तो स्वतःला भरतीचा समजत असतो. त्याचं नाव वाचलं जातं तेव्हा त्याच्याकडे बघत बसू नका, पुढचं नाव वाचा. कौतुक जितकं साधं, तितकं त्याला खरं वाटतं.

यामागचं कारण जुनं आहे. मॅक्स रिंगलमन या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला होता आणि १९१३ साली ते निष्कर्ष प्रसिद्ध केले. माणसं वाढत गेली तसा प्रत्येकाचा वाटा कमी होत गेला. काही अंशी ओढण्याचा ताळमेळ बसत नाही म्हणून, आणि काही अंशी आपण किती ओढतो हे गर्दीत कळत नाही म्हणून. पुढच्या संशोधकांनी हा दुसरा भाग तपासला तेव्हा दिसलं की प्रत्येकाचा वाटा वेगळा मोजला जातोय हे कळलं की माणसं पुन्हा जोर लावतात. 'संघासाठी खेळा' असं आपण बारा जणांना एकदम सांगतो, तेव्हा ते कुणालाच सांगितलेलं नसतं. वहीत नाव आलं की ते एकाला सांगितलेलं असतं.

संरक्षणाचीही नोंद ठेवा. पळणारे तिघांच्या तुकडीने उतरतात. कोण किती वेळ टिकलं हे गुणपत्रकात येतं. पण साखळी खेळत राहून, म्हणजे बसलेल्यांच्या मधून नागमोडी पळत राहून, समोरच्या चांगल्या आक्रमकांना दमवलं कुणी, ते येत नाही. दोन साथीदार बाद झाल्यावर उरलेला एकटा शेवटची पंचवीस सेकंद कसा पळाला, ते येत नाही. हे शब्दांत लिहा. 'खांबाजवळ तिघांना फिरवलं' एवढी ओळ पुरते.

एक धोका सांगून ठेवतो. वहीवरून मुलांना क्रमांक देऊ नका, भिंतीवर तक्ता लावू नका. तसं केलंत की मुलं खोसुद्धा यादीत नाव यावं म्हणून द्यायला लागतात, गरज नसताना, घाईने. वही वाचायची आणि मिटायची.

६. काय मागायचं, काय नाही

त्याग हा शब्द मैदानावर फार सैलपणे वापरला जातो. मुलाच्या मालकीचं काय आहे ते आधी बघा. रात्रीचा मोबाईल त्याचा आहे. सकाळची साखरझोप, आवडीची जागा, 'मीच पहिल्या तुकडीत पळणार' हा हट्ट, गडी टिपल्याचा मान, हे सगळं त्याचं आहे. हे मागा, आणि का मागतोय ते सांगून मागा.

परीक्षा त्याची एकट्याची नाही. घरची मजुरी त्याची नाही. दुखणारा गुडघा सोडून द्यायची वस्तू नाही. जेवण नाही. तापात खेळलेल्या मुलाचं कौतुक करू नका, बाकीची अकरा जणं ते ऐकत असतात आणि पुढच्या वेळी ताप लपवतात.

सणांचं काय? इथे सोलापूर ओळखूनच वागावं लागतं. गणपतीच्या आधी आपल्याकडे मंडळा-मंडळांत लेझीमचे सराव सुरू होतात, रात्री उशिरापर्यंत. नेमके त्याच सुमारास शालेय स्पर्धांचे दिवस असतात. 'लेझीम की खो-खो' असा प्रश्न मुलापुढे टाकलात तर तो लेझीम निवडेल आणि तुम्ही एक खेळाडू गमावाल. मी तर म्हणतो, लेझीम खेळणाऱ्या मुलांचे पाय आणि ताल दोन्ही पक्के होतात. ऑगस्टच्या सुरुवातीलाच मुलांकडून त्यांच्या मंडळाच्या तारखा घ्या. त्या आठवड्यात सराव हलका ठेवा, आणि मुलांकडून एवढंच मागा की सामन्याच्या आदल्या रात्री दहाला घरी.

कोजागिरीला लोक सोलापुरातून तुळजापूरला पायी जातात. पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपासचं अंतर आहे. जाऊ नको म्हणणं तुमच्या अधिकारात नाही. पण त्या मुलाला नंतर दोन-तीन दिवस पळवू नका आणि स्पर्धा लागून असेल तर घरच्यांशी आधीच बोला. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेचे दिवस असतात तेव्हाही तसंच. वर्षाचं कॅलेंडर समोर ठेवून हे दिवस आधीच रिकामे सोडले की मुलं बाकीच्या दिवशी खोटी कारणं सांगत नाहीत.

मुलींच्या संघाबाबत एक गोष्ट उघड बोलली पाहिजे. मैदानाजवळ स्वच्छतागृह आहे का, पाळीच्या दिवसांत काय करायचं, हे ठरलेलं असावं. काही मुली त्या दिवशी खेळतात, काहींना पोटात दुखतं. सांगायला बाई असावी आणि कारण विचारलं जाऊ नये. एवढं नसेल तर मुलगी महिन्यातून चार दिवस खाडा करते आणि आपण तिला 'जिद्द नाही' म्हणतो.

आणि कुणाच्या गरिबीची गोष्ट संघापुढे सांगून बाकीच्यांना पेटवायचा प्रयत्न कधीही करू नका. 'हिची आई विड्या वळते, तरी ही येते, आणि तुम्ही?' असं वाक्य मी मैदानावर ऐकलं आहे. ते बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण त्या मुलीने तुमच्यावर विश्वास ठेवून दार उघडलेलं असतं.

७. दहावा, अकरावा, बारावा

संघ टिकतो की फुटतो ते या तिघांवर ठरतं. नऊ जण खेळतात, त्यांना कारण आहे. तिघं बसतात, त्यांना तुम्ही कारण द्यायचं.

सामन्याच्या यादीत नाव नाही हे मुलाला मैदानावर सगळ्यांदेखत कळू देऊ नका. आदल्या दिवशी बाजूला, पण सगळ्यांना दिसेल अशा जागी बोलवा. काय कमी पडलं ते एका वाक्यात सांगा, पुढच्या महिन्यात कशावर काम करायचं ते दुसऱ्या वाक्यात. 'पुढच्या वेळी बघू' हे बोलू नका, मुलांना त्याचा अर्थ बरोबर कळतो.

सामन्यात त्या तिघांना खरं काम द्या. समोरचा कोणता पळणारा कुठल्या खांबाकडे जास्त जातो, कोण डावीकडेच हूल देतो, दमल्यावर कुणाची मान खाली जाते. मध्यंतरात आधी त्यांनी बोलायचं, मग कर्णधाराने, मग तुम्ही. एखाद्या वेळी बाराव्या खेळाडूने सांगितलेल्या गोष्टीवरून दुसऱ्या डावात गडी मिळतो. त्या दिवशी तो घरी कसा जातो ते बघा.

सराव सामन्यांत प्रत्येकाला पळायला आणि पाठलागाला ठरलेली वेळ मिळालीच पाहिजे, हरत असलो तरी.

८. बक्षिसं आणि मोठी नावं

'जिल्हा जिंकलात तर सगळ्यांना बूट' असं कबूल करणारे देणगीदार भेटतील. बूट आधीच मागा. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या लहान मुलांपैकी काहींना बक्षीस कबूल करून चित्रं काढायला लावली. नंतर मोकळ्या वेळात तीच मुलं चित्रांकडे कमी वळली. ज्यांना न सांगता बक्षीस मिळालं, त्यांचं तसं झालं नाही. म्हणून गरज असेल ते मुलांना गरज म्हणून द्या, अट घालून नको. बूट कुणाला कुणाकडून मिळाले याची यादी वाचू नका आणि वाटपाचा फोटो काढू नका.

मोठ्या खेळाडूंची नावं जरूर सांगा, पण जवळची. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. पुरुषांच्या अंतिम सामन्यात भारताने नेपाळला ५४-३६ असं हरवलं, महिलांनी ७८-४०. त्या पुरुष संघात आपल्या माळशिरस तालुक्यातल्या वेळापूरचा रामजी कश्यप होता. महिलांची कर्णधार महाराष्ट्राची प्रियांका इंगळे होती. शेजारच्या धाराशिवच्या सारिका काळेला २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला. मुलांना या सामन्यांचे व्हिडिओ दाखवा. ती लहान स्वरूपाची, वेगवान पद्धत आहे, नियम काही वेगळे आहेत, तेही सांगा. दाखवताना मात्र सूर मारलेला क्षण थांबवून त्याच्या आधीच्या तीन सेकंदांवर न्या आणि विचारा, इथे खो कुणी दिला?

९. ऊन, झोप, गुडघे

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळीशी ओलांडतो. उन्हाळी शिबिर सकाळी सहाला सुरू करून साडेसातला संपवा. संध्याकाळी साडेपाचच्या आधी मैदानात पाय नको. अंगाला उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, म्हणून पहिल्या आठवड्यात अर्धाच सराव. चक्कर, मळमळ, डोकं ठणकणं दिसलं की सावली, अंगावर पाणी, वारा. बोलणं असंबद्ध झालं तर अंग गार करत करत लगेच दवाखाना. पाणी 'कमवायचं' नसतं, मागेल तेव्हा द्यायचं.

तेरा ते अठरा वयाला ८ ते १० तास झोप लागते, त्याहून लहान शाळकरी मुलांना ९ ते १२. आठवड्यातले सरावाचे तास वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नकोत, हा साधा हिशेब बरेच क्रीडावैद्यक वापरतात. तेरा वर्षांच्या मुलाला तेरा तास, त्यात शाळेचा आणि मंडळाचा सराव दोन्ही धरून. आठवड्यात एक दिवस पूर्ण सुट्टी.

खो-खोत गुडघे मोडून बसायचं आणि झटक्यात उठायचं असतं. उंची वाढत्या वयात गुडघ्याच्या वाटीखालचं हाड दुखायला लागतं, तिथे टेंगूळ येतं. मुलं ते सांगत नाहीत. दर आठवड्याला स्वतः विचारा, आणि दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवा आणि बसण्या-उठण्याचा सराव थांबवा. तोवर खो-वही त्याच्या हातात द्या.

सरावानंतर गूळ-शेंगदाणे, भिजवलेले हरभरे, जमलं तर उकडलेलं अंडं. ज्वारीची भाकरी घरी असतेच. महागड्या पावडरींच्या भानगडीत पडू नका.

१०. हरल्यावर, आणि मुलं मोठी झाल्यावर

हरलेल्या संघापुढे मैदानातच बोलायला उभं राहू नका. आधी पाणी, मग खाणं, मग प्रत्येक जण घरी पोचला का ते बघणं. पुढच्या सरावाला वही काढा आणि त्या सामन्यात नीट दिलेले खो वाचा. हरलेल्या सामन्यातही ते असतात. चुका त्यानंतर, आणि आधी मुलांकडून.

दहावी झाली की संघ निम्मा होतो. कुणी आयटीआयला जातो, कुणी कामाला लागतो, काही मुलींची लग्नाची बोलणी सुरू होतात. मुलीचं वय अठराच्या आत असेल तर गप्प बसू नका. मुख्याध्यापकांशी बोला, १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे. जी मुलं सोडून जातात त्यांना 'संघ सोडला' म्हणून बोल लावू नका. आठवड्यातून एक संध्याकाळ येऊन लहानांना खांबावरचं वळण शिकव, एवढं विचारा. बरीच जण येतात.

कर्णधार बदलतो तेव्हा जुन्या वह्या नव्या कर्णधाराकडे द्या. जुलैत पहिला सराव सामना लावा, नवी शंभर पानी वही आणि एक पेन राखीव खेळाडूच्या हातात द्या, आणि पहिल्या ओळीतली चारही नावं त्यालाच लिहू द्या.